दोरीच्या आत

उजव्या खांद्याने अखेर संप पुकारला, तेव्हा दुर्बीण आपली कॅमेऱ्यांची बॅग विकायला निघाला.

दुर्बीण हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका दैनिकासाठी तो जन्मभर खेळांचे फोटो काढत आला. हातभर लांबीचं भिंग कायम डोळ्याला लावलेलं, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की निरोपसमारंभात साहेबांनाही त्याचं खरं नाव चटकन आठवेना. मैदानाच्या कडेने दोरी बांधलेली असते. फोटोग्राफरने दोरीबाहेर उभं राहायचं, काही झालं तरी आत पाऊल टाकायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. दुर्बिणीने तो जरा जास्तच मनावर घेतला. घरातही त्याला कुठे ना कुठे दोरी दिसायची. लेक पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा बायको हात पसरून बसली होती, आणि हा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला एक डोळा मिटून उभा होता.

"जवळ गेलं की माणूस सावध होतं," तो म्हणायचा.

"दुरून डोंगर साजरे," बायको म्हणायची, "तशी मीही दुरूनच साजरी."

हे ती हसत म्हणायची. पण वर्षानुवर्षं तेच म्हणायची, आणि अलीकडे त्यातलं हसू आटत चाललं होतं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेली, घरात दोघंच, आणि दोघांचं बोलणं भाजी आणि गोळ्या यांच्यापुढे सरकत नव्हतं. बायको आपल्या हातून हळूहळू सुटते आहे, असं दुर्बिणीला निवृत्तीनंतर जाणवायला लागलं आणि त्याला मनापासून भीती वाटली. तिला परत आपल्याजवळ आणायचं होतं. कसं, ते मात्र ठाऊक नव्हतं. त्याला फोटोच तेवढे काढता येत होते.

दुकानदार जुन्या ओळखीचा. त्याने बॅग उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "नाकापेक्षा मोती जड. एवढं ओझं कशाला वाहिलंत हो?" मग त्याने कपाटातून एक खोकं काढलं, सील फोडलं आणि आतला कॅमेरा काउंटरवर ठेवला. साबणाच्या वडीपेक्षा थोडासाच मोठा, काळा, धातूचा, हाताला थंडगार. वर एक बटण, एक चकती. भिंग एकच, तेही न बदलता येणारं.

"झूम कुठाय?"

"तुमच्या पायांत. माणूस मोठा हवा असेल तर चालत जवळ जायचं."

"आणि याला एवढी किंमत?"

"साहेब, कमी करायलाच जास्त खर्च येतो," दुकानदार म्हणाला. "घेऊन तर जा. हा तुम्हाला माणसाजवळ नेईल."

धंदेवाल्याचं बोलणं म्हणून दुर्बिणीने ते हसण्यावारी नेलं. पण घरी येताना, कोटाच्या खिशात ती वडी चाचपताना, कितीतरी दिवसांनी त्याचा खांदा दुखत नव्हता.

सकाळी बायको पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची. समोर छोटं टेबल, त्यावर जुना रेडिओ आणि चहाचे दोन कप. एक तिचा, एक याचा. याचा कप तसाच राहायचा. साय धरून चहा गार झाल्यावर एका दमात औषधासारखा घेणं ही त्याची जन्माची खोड, आणि तिने त्यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. पहिल्या सकाळी त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टाच टेकवली, कॅमेरा डोळ्याशी नेला आणि तिचा फोटो काढला. फोटोत सगळी खोली आली. फरशी, भिंतीवरचं घड्याळ, पंख्याचं एक पातं, आणि खिडकीपाशी टिचभर बायको.

"चालत जवळ यायचं असतं ना याच्यात?" तिने विचारलं.

"येतो. उद्या."

दुसऱ्या दिवशीही टाच उंबऱ्यावरच राहिली. सवय कुठली सुटायला! पण फोटोत घड्याळ नव्हतं. पंखा नव्हता. बायको मोठी दिसत होती.

कुठलं तरी बटण चुकून दाबलं गेलं असेल, असं तो धरून चालला. फोटोच्या कडा कापून मधला भाग मोठा करण्याची सोय असते, तसलं काहीतरी. त्याने ती सोय शोधून काढली. ती बंदच होती. त्याने नुसत्या खुर्चीचा फोटो काढून पाहिला. तो अगदी उंबऱ्यावरून काढल्यासारखा आला, घड्याळासकट.

पुढच्या सकाळी बायको खुर्चीत बसली आणि फोटोत आणखी जवळ आली. आता मात्र दुर्बिणीने चष्मा पुसून नीट पाहिलं. उंबऱ्यावरून पाहताना तिचा डावा हात रेडिओच्या आड जात असे. फोटोत तो हात दिसत होता, बोटातल्या अंगठीसकट, आणि कपातला चहा वरून दिसत होता. फोटो कापून कितीही मोठा केला तरी रेडिओमागचा हात दिसत नाही. तो दिसायला पाय हलवावे लागतात. जन्मभर ज्याने हेच काम केलं त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. हा फोटो काढणारा खोलीच्या मधोमध उभा होता, आणि त्याची उंची बरोबर दुर्बिणीएवढी होती.

त्याने उंबऱ्यावरून खोलीच्या मधोमध पाहिलं. तिथे फरशीवर ऊन पडलं होतं.

तो कॅमेरा घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने चकती फिरवली, बटण दाबलं, स्वतःच्या गल्ल्याचा एक फोटो काढला. "ठणठणीत आहे. आणि वहिनींचे फोटो काय सुरेख आलेत! जवळ गेलात, हेच तर मी सांगत होतो." लेकीला पाठवले, तर तिचा तासाभरात फोन. "बाबा, शेवटी घरात आलात म्हणायचं! आई किती खूश दिसतेय." कुणालाच त्यात वावगं दिसेना. फोटो चांगलेच होते. आपण कुठे उभे होतो, हे एकट्या दुर्बिणीला माहीत होतं.

आणि बायको खरंच खूश होती. सकाळी केस नीट विंचरून बसायला लागली. काम करता करता गुणगुणायला लागली. तो फोटो काढत गेला, कारण ती वाट पाहायची, आणि चौकट तिच्या खांद्यांपर्यंत आली, मग चेहऱ्यापर्यंत. एकदा फोटोनंतर चहाकडे वळला, तर त्याचा कप रिकामा होता.

"मी प्यायलो?" त्याने विचारलं.

"मग काय मी?" ती हसली. "गरम चहा प्यायला लागलात, नवलच आहे."

त्याला काही आठवेना. वय झालं, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. मग ती सहज, कप उचलता उचलता म्हणाली, "काल माझी बट मागे सारलीत ना, तेव्हा मला लग्नानंतरचे दिवस आठवले हो."

दुर्बिणीने कालचा फोटो उघडला. तिचा चेहरा, डोळे थेट भिंगात. कपाळाजवळ, चौकटीच्या अगदी कडेला, एक अस्पष्ट बोट. त्याने स्वतःचे हात पाहिले. काल ते दोन्ही कॅमेरा घट्ट धरून होते.

त्याला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीहून जास्त त्याला हेवा वाटला. जे करायला त्याचं पाऊल कधी उचललं नाही, ते कुणीतरी त्याच्या देखत करत होतं, आणि तिला ते आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि रिकाम्या हातांनी उंबऱ्यावर उभा राहिला.

"आज फोटो नाही?" तिने विचारलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. समोर, हातभर अंतरावर, थोडं वर बघत होती.

"नको आज."

"बरं. नुसते बसा मग," ती त्या हातभर अंतरावरच्या जागेला म्हणाली आणि कप पुढे सरकवला.

दुर्बिणीने रात्र कशीबशी काढली. आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर, आपली जागा दुसऱ्याने घ्यायची म्हणजे काय? त्यावर उपाय एकच होता आणि तो इतका सोपा होता की त्याला स्वतःची लाज वाटली. चालत जवळ जायचं.

सकाळी ती बसली होती. कपांतून वाफ निघत होती. त्याने कॅमेरा घेतला, उंबऱ्यावर क्षणभर थबकला, आणि पाऊल आत टाकलं.

फरशी गार होती. काही झालं नाही. तो रेडिओपर्यंत गेला. टेबलाला वळसा घातला. तिच्या गालावरचा तीळ दिसायला लागला. हा तीळ आपण विसरलो होतो, हे त्याच्या लक्षात आलं.

"अगं," तो म्हणाला. "आलो बघ."

ती हसत होती. छान, मोकळं हसत होती. तो वाकला, कॅमेरा डोळ्याशी नेला आणि बटण दाबलं.

ती भिंगात बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे, उंबऱ्याकडे बघत होती.

"काढलात?" तिने विचारलं.

"काढला."

आवाज त्याचाच होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

त्याला मागे वळवेना. त्याने खाली, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. सगळी खोली आली होती. घड्याळ, पंख्याचं पातं, खिडकीपाशी टिचभर बायको, टेबलावर दोन कप. तो जिथे वाकून उभा होता, तिथे फरशीवर ऊन पडलं होतं.

"या की मग," बायको म्हणाली.

त्याच्या मागून पावलं आली. घाई नव्हती त्यांना.

तिने त्याचा कप उचलला आणि पुढे केला. दुर्बिणीने हात पसरला. कप त्याच्या बोटांना न लागता पलीकडे गेला. तिने तो अलगद सोडला. तो पडला नाही.

मग त्याच्या कानाजवळ फुर्रकन घोट घेतल्याचा आवाज आला. चहा अजून गरम होता.