शेवंतीनं अडवलेली गाडी

त्या सकाळी शकुनची गाडी हमखास चुकली असती. पण फलाटावरच्या एका अनोळखी माणसाने पुढे होऊन तिच्या हातातलं वेताचं कडं धरलं.

"आना इकडे. टोपली चढवा आधी," तो म्हणाला.

"अन् घेऊन पळाले तं?"

"रेल्वेचा मानूस हाव मी. मी पळालो तं गाडीच नाही सुटनार!"

शकुन हसली आणि टोपलीसकट डब्यात चढली. खिडकीतून त्याने कडं आत दिलं तेव्हा बोटांना बोटं लागली... चुकूनच. निदान त्या दिवशी तरी चुकूनच.

बडनेरा आणि अमरावतीच्या मधलं ते एवढंसं स्टेशन. एक फलाट, एक निंबाचं झाड, आणि सकाळच्या गाडीला कचेरीतले कारकून, वकिलांचे मुनशी आणि भाजीवाल्या यांची ही झुंबड. शकुन ही शालिकराम माळ्याची लेक. डोक्यावर झेंडूची टोपली आणि हातात ते कडं. शेवंतीचे हार गुंतू नयेत म्हणून ओल्या फडक्यात बांधून त्याला लटकवलेले. अंबादेवीच्या दारात ते विकायचे, हा तिचा रोजचा शिरस्ता.

आणि तो गोवर्धन. अकोल्याकडचा, तोही जातीने माळीच, पण नोकरी रेल्वेची. रूळ एकेरी, म्हणून ज्या ड्रायव्हरच्या हाती स्टेशनातला लोखंडी गोळा, त्यानेच गाडी पुढे न्यायची असा कायदा. हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या कड्याला अडकवून गोवर्धन रोज इंजिनापाशी नेऊन द्यायचा. आणि त्याआधी न चुकता शकुनचं कडं धरायचा.

तीन महिने असेच गेले. रोज दोन मिनिटांचं बोलणं — त्यात थंडी आली, बोरं आली, अकोल्याची आई आली. एक गोष्ट तेवढी कधी आली नाही, आणि शकुन रोज तीच ऐकायला धावत यायची.

मार्गशीर्षातली ती धुक्याची सकाळ. टोपली चढवता चढवता शकुन म्हणाली, "उद्या अचलपूरचे पावने येऊन राह्यले. मले पाहाले."

गोवर्धन दोन्ही हातांत दोन कडी घेऊन उभाच राहिला.

"उद्या?"

"हो. पसंत पडली तं याच महिन्यात लगन. मंग काही मी या गाडीनं येत नाही."

ती थांबली. आता तरी... आता तरी बोलेल.

"मंग..." गोवर्धन टोपलीकडे पाहत म्हणाला, "मंग टोपली कोन नेईन?"

"टोपलीची लय काळजी हाय तुमाले!" शकुन फणकाऱ्याने डब्यात जाऊन बसली. तिने तोंड असं फिरवलं की खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने कडं आत बाकावर सरकवलं आणि तो इंजिनाकडे निघून गेला. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

गाडी मात्र हलेना.

"अबे गोवर्धन!" ड्रायव्हरचा आवाज सगळ्या फलाटावर घुमला. "आज इंजिनाची पूजा हाय का?"

ड्रायव्हरने फडकं सोडलं होतं आणि त्याच्या हातात शेवंतीचे पिवळेधमक हार लोंबत होते. डब्याडब्यातून माना बाहेर आल्या आणि हशा पिकला. स्टेशनमास्तर खुशालराव टोपी सावरत धावले.

"गोळा कुठं हाय?"

शकुन झटकन वळली. तिने बाकावरचं कडं ओढलं. खाली फडकं नव्हतं, चामड्याची पिशवी होती.

"अव माय!" शेजारची वांगीवाली तानुबाई ओरडणारच होती, शकुनने तिच्या तोंडावर हात ठेवला. गोळा बाकाखाली ढकलला तर तिचं नाव राहील, पण त्याची नोकरी जाईल. नेऊन दिला तर दुपारपर्यंत अमरावतीत आणि संध्याकाळपर्यंत अचलपुरात बोभाटा.

ती उतरली. साऱ्या गाडीसमोर चालत गेली आणि कडं मास्तरांपुढे धरलं.

"हे माह्याजवळ होतं जी. यांची चूक नाही. मीच नेलं."

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग हारांकडे, मग गोवर्धनकडे. "खरं काय ते बोल."

"खोटं बोलते ती," गोवर्धन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "रोज तिचे हार मीच धरतो. आज म्हने, उद्या पावने येऊन राह्यले... मंग कोनतं कडं कोनाचं, मले काही समजलंच नाही. नोकरी घ्या साहेब. पन तिले दुसऱ्यानं नेलेलं मले पाहवनार नाही!"

कोणी हसलं नाही. शकुनला मात्र तिथेच, फलाटावर, नाचावंसं वाटलं.

"तीन महिने हे सांगाले काय झालतं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"भेव वाटे."

"काह्याचं?"

"तुमी नाही म्हनसान याचं."

तेव्हा गाडी जी हसली ती काही केल्या थांबेना. खुशालरावांनी गोळा ड्रायव्हरला दिला आणि गोवर्धनवर डोळे वटारले. "पुन्हा असं झालं तं घरी बसवीन. अन् आज दुपारून सुटी घे. माळ्याकडं जाऊन ये."

संध्याकाळी गोवर्धन धुतलेला सदरा घालून, वाटभर पाठ केलेलं भाषण घेऊन मळ्यात आला. शालिकराम विहिरीवर पाय धूत होता.

"जी... मी..."

"राहू दे," शालिकराम म्हणाला. "तानुबाई सारं सांगून गेली. दोनदा." त्याने पाय पुसले आणि लेकीला हाक मारली. "शकुन, अचलपूरले निरोप धाडाचा हाय. काय धाडू? तुले कोन पसंत हाय?"

दिवसभर तोंडाला खळ नसलेली शकुन खाली मान घालून उभी राहिली. मग तिने मान वर केली, बापाकडे नव्हे, सरळ त्याच्याकडेच पाहिलं, आणि म्हणाली, "हा."