बटण पुन्हा प्लगवर

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी वायरिंगला दोष देतात. मी स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पंधरा वर्षं बटणं आणि वायरींतच हात घालतोय. वायरिंगचं काही असतं, तर सगळ्यांत आधी मीच म्हटलं असतं.

आणि रात्र वगैरे नव्हती. गेल्या वर्षीचा एक शनिवार. दुपारचे बारा.

बायको, सासरे आणि मी मोटरहोम भाड्याने घेऊन निघालो होतो. झोपायच्या बाकांपासून फ्रिजपर्यंत सगळं गाडीतच. एका तलावाकाठच्या मैदानात ती उभी केली. आसपास चिटपाखरू नव्हतं. विजेची सोयही नव्हती.

म्हणजे फ्रिज गॅसवर लावायचा. त्याला एकच गोल बटण आणि तीन खुणा. प्लग म्हणजे बाहेरची वीज, बॅटरी, आणि ज्योत म्हणजे गॅस. किल्ली देताना मालकाने बजावलं होतं, "उभी असताना गॅसवरच ठेवा. प्लगवर नको. त्याची वायर मी कापून टाकलीय."

"का हो?"

"वैताग आहे नुसता," एवढंच म्हणाला.

फ्रिजमध्ये सासऱ्यांचं इन्सुलिन होतं. दूध नासलं असतं तर चाललं असतं. इन्सुलिन बिघडून चालणार नव्हतं.

मी बटण ज्योतीवर फिरवून दाबून धरलं. टिक… टिक… टिक… भप्. खालच्या काचेत निळी ज्योत दिसली.

बाहेर चहा पिऊन आत आलो तर…

ज्योत विझलेली. बटण प्लगवर.

वाटलं, माझीच चूक. परत पेटवली.

दहा मिनिटांनी परत प्लगवर!

आत फक्त सासरे होते. फ्रिजसमोरच्या बाकावर आडवे झालेले.

"बाबा, बटणाला हात लावलात का?"

"नाही बुवा."

तिसऱ्यांदा तेच झालं आणि माझं डोकंच फिरलं. "मग काय ते आपोआप फिरतं?" मी जवळजवळ ओरडलोच.

बायको तरातरा आत आली. "माझ्या वडिलांवर कशाला आवाज चढवतोस? पेटवता येत नसेल तर तसं सांग."

मला! लिफ्टवाल्याला!

मग मीही हट्टाला पेटलो. ज्योत लावली. बटणावर आडवी-उभी चिकटपट्टी मारली. सासऱ्यांना बाहेर खुर्चीत बसवलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता बघू कोण फिरवतंय ते."

पाच मिनिटं… दहा मिनिटं…

आतून आवाज आला.

चर्रर्र… चिकटपट्टी सोलल्यासारखा.

आणि मग… खट्.

तिघांनीही ऐकलं. बायकोने माझा दंड घट्ट धरला.

कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. बटण प्लगवर. चिकटपट्टी फ्रिजच्या दारावर नीट चिकटवलेली. एक सुरकुती नाही.

आणि फ्रिज घरघरत होता…

असल्या फ्रिजला मोटरच नसते. चालताना तो आवाज करत नाही. त्यात वायर कापलेली, आणि बाहेरून वीज घ्यायची केबल गाडीखालच्या खणात गुंडाळून ठेवलेली.

मी फ्रिज उघडला. इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या गोठून दगड झाल्या होत्या. शेजारचं दूध मात्र कोमट…

गोठलेलं इन्सुलिन फेकून देण्याच्याच लायकीचं. मी मालकाला फोन लावला आणि तोंड सोडलं. "असली कसली गाडी दिलीत हो? बटण आपोआप प्लगवर जातंय!"

त्याने उलट मलाच विचारलं,

"तुमच्यात कुणी आजारी आहे का?"

"सासऱ्यांना शुगर आहे. का?"

"मग त्यांना आत बसू देऊ नका."

फोन कट. परत लावला, तर उचललाच नाही.

सिलिंडर बंद केला, खुर्च्या कशाबशा आत फेकल्या आणि निघालो. तिघंही पुढच्या सीटवर दाटीवाटीने. मागे बसायला कुणी तयार नव्हतं. पहिल्याच गावात औषधांचं दुकान दिसलं. बायको इन्सुलिन आणायला उतरली.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हणालो. "उगाच तुमच्यावर ओरडलो."

"जाऊ द्या, जावईबापू. तुम्ही इतके चिडला होता, कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"काय?"

"बटणाला मी हात लावलाच नाही… तिच्या हाताला लावला. दुसऱ्यांदा फिरवत होती तेव्हा धरला."

"कुणाच्या?"

"म्हातारी होती कुणीतरी. सोडेना. म्हणाली, बाटल्या गार राहायला हव्यात, डॉक्टर येतच असतील."

गाडी त्याच दिवशी परत केली. मालक समोर आलाच नाही. आतूनच किल्ली दाराखालून सरकवायला सांगितली.

सासरे त्या विषयावर पुन्हा बोललेले नाहीत. एवढंच, की हल्ली इन्सुलिन घेताना ते मध्येच थांबतात… मान वळवतात… आणि हळूच म्हणतात, "हो, गार आहे."

त्या बाजूला नुसती भिंत असते.