टेस्ट डेटातली मुक्ताई

आमचं ऑफिस कोथरूडला, एका मंगल कार्यालयाच्या मागं. सनई-चौघडा ऐकत कोड लिहायचं भाग्य जगात दुसऱ्या कुणाला लाभलं नसेल. २००७ साली आम्ही एका परदेशी आरोग्य विमा कंपनीचं काम करत होतो. तिकडून माणसांची माहिती एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुरात यायची. इकडे माझा प्रोग्रॅम तो मजकूर वाचून जावा या संगणकाच्या भाषेत ते माणूस पुन्हा उभं करायचा, म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट. मांडव सोडून टेम्पोत भरतात आणि दुसऱ्या जागी तसाच उभारतात ना, तेवढंच काम. त्यात एक खांबसुद्धा जास्तीचा यायला नको.

चाचणीसाठी खोटी माणसं लागतात, आणि आमच्यात रीत अशी की ज्यानं त्यानं ओळखीचीच नावं घालायची. शेजारी बसणाऱ्या आमोदनं आपल्या घरमालकाला दमा, मधुमेह आणि मूळव्याध बहाल केली होती. मी मुक्ताईला घातलं. माझ्या बायकोला, दीपमालाला, तेव्हा सातवा महिना होता. मुलगी झाली तर मुक्ताई, हे तिनं लग्न होऊन अकोल्याहून येतानाच ठरवून आणलं होतं. वय शून्य, वजन तीन किलो, आईचं नाव दीपमाला, आई हयात: होय.

मुक्ताई जन्मली ती रडलीच नाही. एवढंच सांगतो, पुढचं मला बोलवत नाही.

ती नोंद काढायला माझा हात धजला नाही. रोज चाचणीत इतरांबरोबर तीही यायची. वर्ष झालं त्या सकाळी तिचा ऑब्जेक्ट उभा राहिला आणि वय आलं एक. वजन नऊ किलो.

मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. आलेला मजकूर उघडून पाहिला, तर त्यात शून्य आणि तीनच होतं. आमोदनं स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलं. तिथंही एक आणि नऊ. एरवी कुणाची खोडी काढायची संधी न सोडणारा हा माणूस खुर्ची मागं सरकवून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, ही नोंद काढून टाक रे. त्या दिवशी तो माझ्याबरोबर चहाला आला नाही.

मी दीपमालाला सांगितलं. सांगू नये हे कळत होतं, पण वर्षभर ती भिंतीकडं तोंड करून निजत होती, तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. तिनं मला वेड्यात काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घरी आलो की दारातच विचारायची, आज किती भरली? वजन वाढलं की शिरा करायची. एकदा थोडं घटलं तर तिच्या घशाखाली घास उतरेना. दात येत असतील, म्हणून स्वतःचीच समजूत घातली. घर पुन्हा बोलायला लागलं होतं, आणि मला, देवाशप्पथ, आणखी काही नको होतं.

फक्त एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. अगदी शेवटच्या ओळीत यायचं, आई हयात: नाही.

पुढं काम पूर्ण झालं. सोमवारी सगळा खोटा डेटा पुसायचा असं वरून सांगण्यात आलं. मी घरी सांगितलं तेव्हा दीपमाला भांडली नाही. एकदा बघू द्या, एवढंच म्हणाली. नाही कसं म्हणणार? रविवारी दुपारी वॉचमनची विनवणी करून तिला ऑफिसात नेलं.

ती माझ्या खुर्चीत बसली. मी चाचणी चालवली.

मुक्ताई आली. दीपमालानं स्क्रीनवरच्या नावावरून बोट फिरवलं. मग वजनावरून. ‘‘अगं बाई, भरली की चांगली,’’ असं पुटपुटली.

बोट खाली सरकलं. मी तिथं हात ठेवायला गेलो, पण उशीर झाला होता.

ती एकच ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली.

‘‘अहो, तेव्हा मला विचारलं होतं,’’ ती म्हणाली.

कुणी, असं मी विचारलं. डॉक्टरांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं. आणि तिला तर भूल दिलेली होती.

‘‘कुणी ते माहीत नाही. दोघींतली कोण राहू दे, एवढंच विचारलं. मी मुक्ताई म्हटलं.’’

ती माझ्याकडं वळली.

‘‘मग मी इथं कशी हो?’’

मला रडू फुटलं. तिचा हात मी दोन्ही हातांत घट्ट धरला. फरशीसारखा गार होता. एसीमुळं असेल, असं मनाशी म्हटलं.

रविवारी आमच्या ऑफिसात एसी बंद असतो.