सहा ओरखडे

किल्ली मिळेल, पळून जात नाही ती. आधी बसा दोघं बहीणभाऊ. "मामा, दहा मिनिटांचा तर रस्ता, बेल्ट कशाला?" असं आत्ता कोण म्हणालं? धाकटा ना? मग तूच पुढे बस. मामा म्हातारा झालाय, उगाच बडबडतो, असं मनातल्या मनात म्हणायला हरकत नाही. पण चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आहे मी. इथली निम्मी लायसन्सं माझ्या शिव्या खाऊन निघालीत. तेवढा मान द्या आणि ऐका.

माझा एक शिष्य होता. उंच, काटकुळा, त्यात पांढरा गणवेश, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणायचे. एका मालकाच्या भाड्याच्या गाड्या होत्या, त्यावर ड्रायव्हर. हात इतका साफ की पाण्याचा पेला समोर ठेवावा आणि थेंब सांडू नये. खोड एकच. बेल्ट लावायचा आणि लावायला सांगायचा कंटाळा. शेजारी माणूस बिनबेल्टचा बसला की नवी गाडी टुंग-टुंग वाजत राहते, ते त्याच्या डोक्यात जायचं. त्यावर लोकांनी एक तोड काढलेली आहे. बेल्टच्या टोकाला धातूची पट्टी असते ना, तशी नुसती पट्टी, बिनबेल्टची. ती क्लिप बक्कलमध्ये खुपसून ठेवली की गाडीला वाटतं बेल्ट लागलाय, आणि गाडी गप्प बसते. बगळ्याला अशी एक क्लिप कुणीतरी दिली होती. पोलिसांनी वाकून पाहिलं तरी दिसू नये म्हणून तिचं डोकं करवतीनं कापलेलं. ती कायम शेजारच्या सीटच्या बक्कलमध्ये असायची.

त्याचं रोजचं शेवटचं काम म्हणजे हॉस्पिटलमधल्या एका नर्सबाईंना रात्री घरी सोडणं. मागे बसलं की त्यांना मळमळायचं, म्हणून त्या पुढे बसत. ऑगस्टातली गोष्ट. त्या बसल्या, बेल्ट ओढला, अंधारात चाचपडल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा बसत नाहीये. आत काहीतरी अडकलंय."

बगळा म्हणाला, "राहू द्या हो बाई. दहा मिनिटांचा तर रस्ता."

स्वतःचा बेल्ट मात्र त्यानं त्या दिवशी लावला होता. नाक्यावर तपासणी चालू आहे असं कानावर आलं होतं, दंड नको म्हणून.

पुढच्या वळणावर वेगाची पाटी आहे, चाळीसची. याचा काटा सत्तरवर. वळणापलीकडे एक टेम्पो भर रस्त्यात उभा, मागचे दिवे बंद. ब्रेक लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. बगळ्याला कपाळावर एक खोक पडली. बाई जागच्या जागी गेल्या. बेल्ट असता तर खरचटण्यावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

लोक जमायच्या आत यानं बक्कलचं लाल बटण दाबलं, क्लिप काढली आणि खिशात टाकली. पोलिसांना सांगितलं, "मी सांगितलं होतं साहेब, बाईंनी ऐकलं नाही." वेग पन्नास होता म्हणून सांगितलं. बाकी सगळं खापर टेम्पोवाल्यावर फुटलं. बगळा दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित एवढ्यावर सुटला. क्लिपचं कळलं असतं तर तुरुंग ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ती पुलावरून कालव्यात फेकली.

बाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना ती एकुलती एक. ते एकदा बगळ्याकडे आले. म्हणाले, "ती मला सायकलवरसुद्धा हेल्मेटशिवाय जाऊ द्यायची नाही रे. तिनं खरंच ऐकलं नाही?"

"नाही ऐकलं, काका."

तेव्हापासून म्हातारा गेलेल्या मुलीवर रुसून बसला. तिचा फोटो त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवला. सगळ्यात वाईट मला तेच वाटतं.

आता ती रात्र. सतरा नोव्हेंबर, मंगळवार. आदल्या दिवशीच बगळ्याचं लायसन्स परत मिळालं होतं. मालक म्हणाला, तीच गाडी दुरुस्त होऊन तयार आहे, वर्कशॉपमधून घेऊन ये. वर्कशॉपवाला उशिरापर्यंत काम करायचा. किल्ली देताना म्हणाला, "शेजारची सीट नवी, बक्कलसुद्धा नवं कोरं टाकलंय." गेटवरच्या वहीत गाडी सुटल्याची वेळ आहे, अकरा वाजून वीस मिनिटं. आभाळ स्वच्छ, रस्ता मोकळा, रेडिओवर गाणी. बगळा खुशीत होता.

कालव्याचा पूल ओलांडला आणि टुंग झालं.

त्यानं पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती. सीटवर पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. टुंग... टुंग... पुढे लाल दिवा लागलेला. शेजारी बसलेल्या माणसानं बेल्ट लावलेला नाही, असा त्याचा अर्थ. नवी सीट आहे, वायर सैल असेल, असं म्हणून त्यानं सीटवर दोन थापा मारल्या. आवाज थांबला. त्यानं रेडिओ मोठा केला. शंभर पावलं गेला नसेल, पुन्हा टुंग.

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, ते दार उघडून सीट हलवून पाहिली. दार लावलं. परत येऊन बसला. गाडी चालू केली.

टुंग.

मग त्याला वाटलं, रिकाम्या सीटचाच बेल्ट लावून टाकावा. डाव्या हातानं बेल्ट ओढला, बक्कलमध्ये घातला. जाईना. पुन्हा घातला. जाईना.

आत काहीतरी अडकलं होतं.

त्यानं बोट घातलं. गार. धातूचं. वरून कापलेलं... त्यानं हात मागे घेतला. बेल्ट सरकन आत गेला. रेडिओ केव्हा बंद झाला ते त्याला कळलं नाही.

गाडीत क्लिप होती, तरी गाडी वाजत होती. या वेळी गाडी फसत नव्हती.

त्यानं गाडी हाणली. वळणाची पाटी दिसली. चाळीस. आणि शेजारी... बेल्ट हळूहळू बाहेर यायला लागला. आपोआप. सर्र... सर्र... माणूस ओढतो तसा, खांद्यावरून खाली. मग आवाज आला.

टक्.

धातूवर धातू.

टक्... टक्...

कुणीतरी बेल्ट लावत होतं. घाई नाही. बोलणं नाही. लागत नव्हता, म्हणून पुन्हा. टक्... पुन्हा...

बगळ्यानं ब्रेक मारला. वळणावरच. डोळे मिटून लाल बटण दाबलं, दाबतच राहिला. अंगठ्याचं नख उलटलं. क्लिप उडाली आणि त्याच्या मांडीवर पडली. ओली होती.

खट्ट.

बेल्ट लागला. टुंग थांबलं. त्यानं डोळे उघडले. सीट रिकामी होती, पण बेल्ट सीटला टेकलेला नव्हता. मध्ये अंतर होतं. माणसाएवढं.

तो मालकाकडे गेला नाही. वीसच्या वेगानं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शेजारी न बघता तो बाईंच्या घरी गेला. एकदा वाकडी वाट केली तर आपण जिवंत घरी जाणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. पाऊण वाजता म्हाताऱ्यानं दार उघडलं. बगळ्यानं उंबऱ्यातच सगळं सांगितलं आणि क्लिप त्यांच्या हातात दिली.

म्हातारा आत गेला, घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली क्लिप धरून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "कापलेल्या कडेवर ओरखडे आहेत. सहा. सहा वेळा प्रयत्न केला माझ्या लेकीनं." उठला आणि फोटो सरळ केला. मग रडला.

सकाळी बगळा आपल्या पायांनी पोलीस स्टेशनात गेला. दोन वर्षांची शिक्षा झाली. क्लिप सीलबंद पाकिटात कोर्टात जमा आहे. हे सगळं मला त्यानं तुरुंगाच्या जाळीपलीकडून सांगितलं. क्लिप कुठून आणली असं साहेबांनी तीनदा विचारलं, तर म्हणाला, बाजारातून.

बाजारातून नव्हती रे ती. मी दिली होती. टुंग-टुंगनं डोकं उठतं म्हणाला, म्हणून मी माझ्या हातानं करवत चालवली, आणि वर बढाई मारली की पोलिसाच्या बापाला दिसणार नाही. बगळ्यानं माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. दीड वर्ष झालं, रोज जेवतो, झोपतो.

परवा सकाळी आपली गाडी पुसत होतो. ही गाडी, जिची किल्ली तुम्ही मागताय. शेजारच्या सीटचा बेल्ट लावून बघितला. लागेना.

ही बघा. हात पुढे कर पोरी, घाबरू नकोस. करवतीचा काप बघ, डावीकडे तिरका जातो, माझा हात तसाच चालतो. आता कडेवर बोट फिरव आणि मोज.

सहा. हो.

आज कुणी कुठे जायचं नाही. सकाळी तू मला त्या घड्याळवाल्यांकडे घेऊन चल, तिथून पोलिसांकडे. काय म्हणालास धाकट्या? ओली का आहे?

तीन दिवस पुसतोय मी.