कोपरावरचा आकडा

रविवार कारंजाजवळच्या चामडीच्या दवाखान्यात यादव कंपाउंडर पेशंटची चप्पल बघून दुखणं ओळखायचा. निदान तसं तो सांगायचा. डॉक्टरांची ताकीद होती, सोरायसिस जुना असेल तर बीपी मोजल्याशिवाय आत सोडायचं नाही, कातडीची सूज रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते. यादव सगळ्यांचं मोजायचा, वहीत लिहायचा. त्याच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या मात्र सहा महिने खणात, न फोडलेल्या.

हरसूलचे चिमाजी दर मंगळवारी यायचे. उजव्या कोपरावर बारा वर्षांचा चट्टा, चांदीसारखे पापुद्रे सुटलेला. यादवने दंडाला मशीनचा पट्टा बांधायला घेतला की चट्ट्यावरून तळवा फिरवून म्हणायचे, "आज एकशे अठ्ठेचाळीस. खालचा ब्याण्णव." मशीन तेच दाखवायचं.

"बाबा, मशीन मोडीत घालतो नि तुम्हालाच बसवतो इथं," यादव म्हणाला.

पुढच्या खेपेला त्यांनी बाकावरच्या सुलाबाईंचाही आकडा सांगितला. बाई मखमलाबादच्या, गुलाबवाल्या. तोही बरोबर.

तिसऱ्या मंगळवारी यादवने आपलाच हात पुढे केला. "माझा सांगा."

चिमाजी बराच वेळ चट्टा चोळत राहिले. पापुद्रे धोतरावर सांडले.

"तुमचा येत नाय."

"म्हणजे कमी?"

"कमी नाय. येतच नाय. पोळ्याला आमच्या शेजारच्या नवसाबाईचा असाच येईना."

"आता कशी आहे ती?"

चिमाजींनी बाही खाली ओढली.

यादव हसला. पट्टा स्वतःला बांधला. मशीन घुरघुरलं, दंड आवळला, सुटला. पडद्यावर नुसती रेघ.

सेल बदलले. रेघच.

त्याने खण उघडला, पाकीट फोडलं, गोळी पाण्याशिवाय गिळली.

"आला," चिमाजी म्हणाले. "एकशे चौऱ्याण्णव. खालचा एकशे दहा."

मशीनही तेच म्हणालं. इतका वाईट आकडा बघून यादवला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"चला, आता तुमचा."

चिमाजींनी तळवा कोपरावर ठेवला. थांबले. पुन्हा ठेवला.

यादवने त्यांची बाही वर सारली. कोपर तान्ह्या पोराच्या कोपरासारखं नितळ होतं. धोतरावर सांडलेला एकही पापुद्रा उरला नव्हता.

बाहेरून सुलाबाईंनी विचारलं, "यादवभाऊ, येऊ का?"

यादवच्या उजव्या कोपराला खाज सुटली. नकळत त्याने तळवा फिरवला, आणि बाई आत येण्याआधीच त्यांचा आकडा आला.

चिमाजींचा येईना.