नकलेतली आग

दार लोटून घे गं, आणि तुम्ही दोघं इकडे सरका. चाळीस वर्षं मी चित्रांना फ्रेमा घालतोय, आणि हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मित्र. आम्ही त्याला नकल्या म्हणायचो. स्वतःचं म्हणावं असं एक चित्र त्यानं जन्मात काढलं नाही. पण नक्कल अशी करायचा, की मूळ चित्रकारानं येऊन खाली सही ठोकावी.

जानेवारीतला मंगळवार, तारीख बावीस. दुपारी नकल्याला एका शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंचा फोन आला. वर्षापूर्वी त्यांनी त्याच्याकडून एक नक्कल करून घेतली होती. "त्या चित्राचा रंग उडतोय हो, जरा येऊन बघून जा," म्हणाल्या. काम साधं होतं. नकल्यानं रंगांची पेटी घेतली, मूळ चित्राचा छापील फोटो पिशवीत टाकला आणि चारची बस पकडली.

चित्र अग्निमंदिराचं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा गोऱ्या चित्रकारानं काढलेलं. त्यानं तसलं मंदिर कधी पाहिलंही नव्हतं म्हणे, सगळा ऐकीव कारभार. राजवाड्यासारखे खांब, धुरकटलेला घुमट, भलत्याच झग्यातले पुजारी, गुडघे टेकलेली माणसं आणि मधोमध आग. ज्यांचा तो धर्म, त्यांना बघून हसूच आलं असतं. पण आग मात्र... आग त्याला साधली होती.

नकल्यानं ती नक्कल केली वहिनींच्या खाटेशेजारी बसून. वहिनी म्हणजे त्याची बायको. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. अंगावर तीन-तीन पांघरुणं, तरी कुडकुडायच्या. एकदा त्या म्हणाल्या,

"अहो, ती आग थोडी मोठी करा ना. नुसतं बघूनच ऊब येते."

"नकलेत आपल्या पदरचं घालायचं नसतं."

"तुम्ही ना, पदरचं कशातच घालू नका कधी," म्हणाल्या, आणि हसता हसता खोकल्या.

चौथ्या दिवशी वहिनी गेल्या. आगीचा रंग तेव्हा ओलाच होता.

त्यानं चित्र पोचतं केलं, ब्रश धुतले आणि ठेवले ते ठेवलेच. माझ्या दुकानात येऊन तासन् तास बसायचा. मधेच म्हणायचा, "बोटभर रंग रे. काय बिघडलं असतं?" मी आपला खिळे ठोकत राहायचो.

तर, बस वाटेत बंद पडली. तो पोचला साडेआठला. बाईंनी घरातसुद्धा मफलर गुंडाळला होता. "हीटर लावला तरी ही खोली गरम म्हणून होत नाही," त्या म्हणाल्या. "चित्र लावलं तेव्हापासून बघतेय."

नकल्यानं फोटो चित्राशेजारी धरला.

लाल रंग उडाला नव्हता. पिवळाही नाही. आगच खाली बसली होती. फोटोत ती पुजाऱ्याच्या हनुवटीपर्यंत होती. भिंतीवरच्या चित्रात गुडघ्याच्याही खाली. आणि जिथून ती उतरली होती, तिथे मागचे दगड दिसत होते. सांधे, काजळी, सगळं नीट रंगवलेलं. ते दगड मूळ चित्रात नव्हते. नकल्यानं ते काढले नव्हते. पण ब्रशचा हात त्याचाच होता.

"रंगच उडालाय ना?" बाईंनी विचारलं.

"हो... रंगच. सकाळपर्यंत करून देतो."

परतीची बस नव्हतीच. बाईंनी तिथेच गादी घातली आणि त्या वरच्या मजल्यावर झोपायला गेल्या.

पावणेदोनला त्यानं पिवळी ट्यूब उघडली. तेवढ्यात आवाज आला.

कट... कट कट...

खिडकीची काच असेल. त्यानं काच हातानं दाबून धरली. आवाज चालूच. मग नीट ऐकलं. दात वाजत होते. कुणाचे तरी. खोलीत नाही. चित्रात.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. चार महिने त्याच आवाजाशेजारी तो झोपला होता.

"अगं..."

आवाज थांबला.

दार उघडं होतं. पळता आलं असतं. तो हलला नाही.

"अगं, तू आहेस?"

काही नाही. मग पुन्हा... हळू. ओठ मिटून आवरून धरल्यासारखं. त्याला त्रास नको म्हणून ती नेहमी आवरायची, तसं.

त्याच्या डोळ्यांदेखत आग बोटभर खाली गेली. आणखी एक दगड दिसला.

मग त्यानं फोटो फेकला. पिवळा. लाल. पांढरा. पुजाऱ्याच्या डोक्यापर्यंत. खांबांच्या वर. घुमटापर्यंत. ब्रश पुरेना. बोटांनी लावला. तळव्यांनी. "सरक... जवळ सरक गं..." रडत होता. लावत होता.

पाचला दहा कमी असताना दात वाजायचे थांबले.

"बरं वाटतंय?"

...

"अगं, बरं वाटतंय का?"

...

ओल्या रंगाला कान लावून तो उजाडेपर्यंत बसला. मला सांगताना म्हणाला, "एक शब्द बोलली असती रे. रागावली असती तरी चाललं असतं."

सकाळी बाई खाली आल्या. बोलता बोलता त्यांनी मफलर काढून खुर्चीवर टाकला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. चित्राकडे बघून म्हणाल्या, "हे मूळ चित्रासारखं नाही राहिलं."

"नाही राहिलं," नकल्या म्हणाला, आणि पिशवी उचलून निघाला.

दोन महिन्यांनी बाईंनी ते चित्र नव्या फ्रेमसाठी माझ्याकडे धाडलं. मी ते टेबलावर पालथं घातलं, जुने खिळे उपटले, मागचा पुठ्ठा काढला. मागचं कापड कोरं असतं. तसंच होतं.

फक्त आगीच्या बरोबर मागे... दोन तळवे उमटले होते. बोटं फाकलेली. शेकायला धरतात तशी. कापड तेवढंच करपून तपकिरी झालेलं. पुढच्या रंगाला धक्काही नाही.

मी उजव्या ठशावर माझा हात ठेवून पाहिला. तो माझ्या हाताखाली पुरता झाकला गेला. एवढासा होता.

आणि कोमट होता.