बॉनेटचा रंग पातळ होतोय

पॉलिशिंग मशीनचा नियम साधा आहे. आधी पॅड गाडीला टेकवायचं, मग बटण दाबायचं, आणि मशीन पूर्ण थांबल्याशिवाय उचलायचं नाही. मी हा नियम कायम पाळते. फक्त त्या दुपारी गॅरेजच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला, मी मान वर केली आणि मानेबरोबर मशीनही वर आलं. फुल स्पीडमध्ये.

पॅडवरचं पांढरं कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, पुढच्या क्षणी त्याच्यावर होतं. शर्टवर, चष्म्यावर, आणि तो नेमका "नमस्कार" म्हणत होता म्हणून थोडं दातांवरही.

त्याने शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला फक्त गाडीच पॉलिश करून हवी होती."

"सॉरी... स्पीड जरा जास्त होता."

"असू दे. मला वाटलं, इथे सगळ्यांचं स्वागत असंच करतात."

आतून, कुठल्यातरी गाडीच्या पोटाखालून, मामा ओरडला, "कोण आहे गं?"

"गिऱ्हाईक!"

"भिजवलंस?"

"थोडं!"

गॅरेज मामाचं. इंजिनं त्याची, रंग माझा, अशी आमची वाटणी. आणि हा भिजलेला माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला चष्मेवाला. गाडी त्याच्या आईची होती, जुनी, गडद निळी. "हा निळा आता बनत नाही," तो म्हणाला. स्थळ दाखवताना मुलीचे गुण सांगावेत, तितक्या गांभीर्याने.

मी त्याला समजावलं. आधी सगळ्यात कमी स्पीडवर कंपाउंड पसरायचं, मग हळूहळू वाढवायचा, आणि कडेला आलो की परत उतरवायचा, कारण कडांवर रंगाचा थर पातळ असतो. घाई केली की रंग तापतो, आणि तापलेला रंग निघून जातो.

"कुठे जातो?"

"कायमचा जातो. खालचा प्रायमरचा थर दिसायला लागतो."

"तापला हे कळतं कसं?"

"असं." मी बॉनेटला उलटा हात लावला. त्यानेही लावला... अगदी शेजारी. करंगळ्यांमध्ये एक पॉलिश-कापडही मावलं नसतं.

"गरम वाटतंय," तो हळूच म्हणाला.

"मशीन अजून लावलेलंच नाही."

यानंतर त्या गाडीवर ओरखड्यांची साथच आली. तो दर थोड्या दिवसांनी हजर. बॉनेटवर नवे ओरखडे, चेहऱ्यावर दुःख, आणि दुःखाच्या मानाने इस्त्री फारच कडक. मीही स्पीडचं बटण एकच्या पुढे नेणं सोडून दिलं. काम जितकं सावकाश, तितका तो स्टुलावर जास्त वेळ. एकदा त्याला मशीन चालवून बघायचं होतं. मांजर दिसलेल्या कुत्र्यासारखं मशीन त्याला ओढत निघालं. "घट्ट धरा!" मी ओरडले. "कोणाला?" तो ओरडला.

मामा येता-जाता बघायचा. "बॉनेट पॉलिश करतेस की अंडी उबवतेस?"

"कडा नाजूक आहेत, मामा."

"कड वीतभर असते, बाकी केवढा पत्रा पडलाय! दिवसभर कडेलाच का घुटमळतेस?"

मग एके दिवशी मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटला लावलं. आकडा पार खाली गेला होता. पॉलिश म्हणजे शेवटी रंगाची साल काढणंच. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या आईचा निळा जवळजवळ संपवत आणला होता. आणखी एकदा मशीन फिरवलं की तो परत न बनणारा रंग गेला. आणि नाही म्हटलं की हा जाणार... कशाला येईल परत?

मी मशीन खाली ठेवलं. मग ओरखड्यांकडे नीट पाहिलं. बारीक, गोल, एकसारखे.

"हे कसे पडले?"

"शेजाऱ्यांचं मांजर," तो म्हणाला. "फार त्रास देतं."

"मांजराने घासणी वापरली?"

त्याने चष्मा काढून पुसला. "ते मांजर... जरा टापटिपीचं आहे."

मी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

"आईने शेजाऱ्यांशी बोलणं टाकलंय," तो खाली बघत म्हणाला. "मी घासतो. पहाटे, ती उठायच्या आत. मला दुसरं काही सुचेना."

"आता मी याला मशीन लावणार नाही," मी म्हटलं. "कितीही ओरखडे आणा. रंग जाईल."

"मग मी इथे... कोणत्या कारणाने येऊ?"

"मला काय विचारता? मी स्वतः कारण शोधून थकले. डोळे तपासून आले. नंबर निघाला असता तर तुमच्या दुकानात येता आलं असतं. दोन्ही डोळे ठणठणीत! मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, आनंदाने रडतेय."

"पण... माझ्याकडेच का नाही तपासलेत?"

"तुम्ही समोर असताना मला भिंतीवरची अक्षरं कशी दिसली असती?"

तो लाल झाला. कानांपासून सुरुवात करून, सावकाश, कुठेही डाग न पाडता. इतका एकसारखा रंग मी आजवर कुठल्याच गाडीवर पाहिला नव्हता. तसाच तो गाडीत बसला आणि निघून गेला. त्या रात्री मला झोप लागली असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. चालत. घामाघूम.

मामा गाडीखालून बाहेर सरकला. "गाडी कुठाय?"

"घरी."

"बिघडलीय?"

"नाही."

"मग काय काम काढलंत?"

"काही नाही," चष्मेवाला म्हणाला, आणि माझ्याकडे बघून आयुष्यात पहिल्यांदा अगं-तुगंवर आला. "तुला भेटायला आलो."

मामाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पान्ह्याने बाहेरचं बाकडं दाखवलं. तो जाऊन बसला. मी हात पुसले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"तुला काम नाही का गं?" मामाने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. आणि बसून राहिले.